नोव्हेंबरमधील व्हेनिस : पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी मार्गदर्शन

व्हेनिसला जाणारे बहुतेक मराठी प्रवासी मे-जूनची सुट्टी धरतात आणि त्या दिवसांतल्या गर्दीत सेंट मार्कचा चौक, रियाल्टोचा पूल आणि गोंडोला एवढेच पाहून परततात. नोव्हेंबरच्या उत्तरार्धात हेच शहर तिथल्या रहिवाशांकडे परत आलेले असते. गल्ल्यांत स्थानिक बोली ऐकू येते, चर्चमध्ये एखाद्या चित्रासमोर अर्धा तास निवांत बसता येते आणि राहण्याचा खर्चही बराच उतरतो. मी या महिन्यात तिथे दोनदा राहिलो आहे. पहिल्या खेपेला प्रेक्षणीय स्थळांची यादी समोर ठेवून दिवस आखले आणि सहापैकी दोन दिवस वाया गेले, कारण चौकात पोहोचलो तेव्हा पाणी चढलेले होते आणि बुरानो बेटावर पोहोचलो तेव्हा अंधारून आले होते. दुसऱ्या खेपेला मात्र कोकणातल्या खाडीकाठचा माणूस पाहतो तशी आधी भरतीची वेळ पाहिली, मग सूर्यास्ताची, आणि उरलेल्या गोष्टी त्या दोहोंच्या बेताने बसवल्या. पुढील टप्पे त्या दुसऱ्या खेपेच्या अनुभवावरून लिहिले आहेत.

१. तारखा ठरवणे

ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी युरोपात घड्याळे एक तास मागे येतात आणि भारताशी असलेला फरक साडेचार तासांचा होतो. नोव्हेंबरच्या मध्यावर व्हेनिसमध्ये सूर्य सकाळी सातच्या सुमारास उगवतो आणि पावणेपाचच्या आत मावळतो. महिनाअखेरीस साडेचारलाच दिवेलागण होते. दिवसाचे तापमान साधारण ११-१२ अंश आणि रात्रीचे ४-५ अंश असते. हे आकडे पाहून महाबळेश्वरच्या थंडीची कल्पना करू नका, कारण शहराभोवतीच्या खाजणातल्या, म्हणजे समुद्राला जोडलेल्या उथळ पाण्यावरच्या, दमट हवेमुळे हीच थंडी हाडांपर्यंत जाते.

व्हेनिसचे सुप्रसिद्ध बिएनाले प्रदर्शन एका वर्षी कलेचे आणि पुढच्या वर्षी स्थापत्याचे असते, आणि ते सहसा नोव्हेंबरच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापर्यंत चालते. त्याच्या अखेरच्या दिवसांत हॉटेलांचे दर पुन्हा चढतात. प्रदर्शन पाहायचे असेल तर हा खर्च जरूर करावा. पाहायचे नसेल तर ते संपल्यापासून ८ डिसेंबरच्या सणापर्यंतचा काळ सर्वांत शांत असतो. माझी स्वतःची पसंती मात्र १८ नोव्हेंबरच्या सुमारास पोहोचून २१ तारखेचा सण पाहण्याला आहे. त्याविषयी आठव्या टप्प्यात लिहिले आहे.

दिवाळीच्या सुट्टीला जोडून जाणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. लक्ष्मीपूजन अमावास्येला येते आणि त्रिपुरी पौर्णिमा त्यानंतर पंधरा दिवसांनी. समुद्राला उधाण येण्याचे दिवस तिथेही तेच असतात, त्यामुळे तारखा ठरवताना घरातले पंचांग समोर असू द्यावे.

२. व्हिसा आणि कागदपत्रे

इटलीसाठी शेंगेन व्हिसा, म्हणजे युरोपातल्या बहुतेक देशांत मिळून चालणारा एकच व्हिसा, लागतो. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि तो किमान १५ दिवस आधी द्यावाच लागतो. निर्णयाला सामान्यतः १५ दिवस लागतात, पण ही मुदत ४५ दिवसांपर्यंत वाढू शकते. जून २०२४ पासून प्रौढांसाठी शुल्क ९० युरो आणि ६ ते ११ वर्षांच्या मुलांसाठी ४५ युरो आहे. व्हिसा अर्ज केंद्राचे सेवाशुल्क वेगळे द्यावे लागते. खरी अडचण भेटीची वेळ मिळण्याची असते, म्हणून नोव्हेंबरच्या प्रवासासाठी ऑगस्टमध्येच वेळ घ्यावी.

सोबत ठेवायची कागदपत्रे अशी आहेत :

- पासपोर्ट : गेल्या दहा वर्षांत दिलेला, परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने वैध आणि दोन कोरी पाने असलेला
- भरलेला व सही केलेला अर्ज, ३५ × ४५ मिलिमीटरची अलीकडची छायाचित्रे
- किमान ३०,००० युरोंचे संरक्षण देणारा आणि मुक्कामाचे सर्व दिवस व्यापणारा वैद्यकीय प्रवास विमा
- जाण्या-येण्याचे विमान आरक्षण आणि प्रत्येक रात्रीच्या निवासाचा पुरावा
- बँकेचे खातेउतारे, प्राप्तिकर विवरणपत्रे, नोकरी असल्यास रजेचे पत्र
- दिवसवार प्रवासाचा आराखडा

विम्याची मुदत आणि निवासाच्या तारखा यांत एका दिवसाचाही फरक राहू देऊ नका. मध्यरात्रीनंतर सुटणाऱ्या विमानामुळे पोहोचण्याची तारीख बदलते आणि नेमकी तिथेच चूक होते. ज्या देशात सर्वाधिक दिवस राहणार त्याच देशाकडे अर्ज करायचा असतो. व्हेनिसचे चार आणि पॅरिसचे सहा दिवस असतील तर अर्ज फ्रान्सकडे जातो.

३. निवासाची जागा

व्हेनिसच्या नावाने दोन वेगळ्या वस्त्या विकल्या जातात. एक म्हणजे खाजणातले जुने शहर आणि दुसरी म्हणजे मुख्य भूमीवरचे मेस्त्रे. मेस्त्रे स्वस्त आहे आणि तिथून रेल्वेने दहा-बारा मिनिटांत जुन्या शहरात पोहोचता येते. उन्हाळ्यात मेस्त्रेला राहण्याचे कारण समजण्यासारखे आहे. नोव्हेंबरमध्ये मात्र दरातला फरक कमी झालेला असतो आणि पहाटेचे धुके व रात्रीचे रिकामे पूल केवळ आत राहणाऱ्यालाच लाभतात. शक्य असेल तर एक रात्र कमी करा, पण जुन्या शहरात राहा.

जुन्या शहराचे सहा विभाग आहेत : सान मार्को (सेंट मार्कचा चौक इथलाच), कास्तेल्लो, कान्नारेजो, दोरसोदूरो, सान पोलो आणि सांता क्रोचे. पहिल्यांदा जाणाऱ्याने कान्नारेजो किंवा दोरसोदूरो निवडावा, कारण तिथे किराणा, बेकरी आणि साध्या खानावळी वर्षभर चालू असतात. आरक्षणापूर्वी यजमानाला तीन प्रश्न विचारावेत : खोली कितव्या मजल्यावर आहे आणि लिफ्ट आहे का, खोली तापवण्याची सोय कशी आहे, आणि जवळच्या बोटीच्या थांब्यापासून दारापर्यंत किती पूल लागतात. तिसरा प्रश्न मी पहिल्या खेपेला विचारला नव्हता. शहरात चारशेहून अधिक पूल आहेत, बहुतेकांना पायऱ्या आहेत आणि मोटार कुठेच जात नाही. २३ किलोची बॅग चार पुलांवरून उचलून नेताना माझ्या सोबतच्या वडीलधाऱ्यांना फार त्रास झाला.

पत्त्याचाही घोटाळा होतो. घरांचे क्रमांक गल्लीप्रमाणे नसून संपूर्ण विभागाला एकच मालिका असते, म्हणून 'कास्तेल्लो' आणि त्यापुढे चार आकडे एवढ्यावरून घर सापडत नाही. गल्लीचे नाव, जवळचा चौक आणि बोटीचा थांबा या तीन गोष्टी लेखी मागवून घ्याव्यात.

जुन्या शहरात दिवसभरासाठी येणाऱ्यांकडून घेतले जाणारे प्रवेशशुल्क २०२४ आणि २०२५ मध्ये केवळ एप्रिल ते जुलैमधल्या ठरावीक दिवसांना लागू होते. मुक्कामी राहणाऱ्याला मात्र माणशी दर रात्रीचा पर्यटन कर निवासस्थानी भरावा लागतो, आणि तो बहुधा आरक्षणाच्या रकमेत धरलेला नसतो.

४. शहरात पोहोचणे

शेंगेन क्षेत्रातल्या दुसऱ्या शहरात विमान बदलणार असाल तर पासपोर्टची तपासणी तिथेच होते. १२ ऑक्टोबर २०२५ पासून टप्प्याटप्प्याने लागू झालेल्या प्रवेश-निर्गमन नोंदणीमुळे या रांगेला वेळ लागतो, म्हणून दोन विमानांमध्ये तीन तास तरी ठेवावेत.

मार्को पोलो विमानतळ मुख्य भूमीवर आहे. तिथून पिआत्साले रोमा या शेवटच्या मोटारथांब्यापर्यंत बसने पंचवीस मिनिटे लागतात. विमानतळाची खासगी जलसेवा घेतली तर सान मार्कोपर्यंत सव्वा ते दीड तास जातो. बोटीतून शहराचे पहिले दर्शन घेण्याची इच्छा स्वाभाविक आहे, पण संध्याकाळी पोहोचणार असाल तर बाहेर अंधाराखेरीज काही दिसत नाही. तेव्हा बसच घ्यावी. शहराच्या बोटीचा पास विमानतळाच्या बसला किंवा या जलसेवेला आपोआप चालत नाही, हेही लक्षात ठेवावे.

मिलानहून रेल्वेने अडीच तासांत येता येते. इथे सापळा स्थानकांच्या नावांचा आहे. 'वेनेत्सिया मेस्त्रे' हे मुख्य भूमीवरचे स्थानक आधी येते. जुन्या शहरात जायचे असेल तर बसून राहावे आणि 'वेनेत्सिया सांता लुचिया' या शेवटच्या स्थानकावर उतरावे. प्रादेशिक गाडीचे कागदी तिकीट असेल तर गाडीत चढण्यापूर्वी ते फलाटावरच्या यंत्रात घालून शिक्का मारून घ्यावा; तिकीट खरे असले तरी शिक्क्याशिवाय दंड होतो.

५. पाण्याचे वेळापत्रक वाचणे

हा टप्पा सर्वांत महत्त्वाचा आहे आणि कोकण-गोव्यातून आलेल्या वाचकाला तो लवकर समजेल. व्हेनिसचे खाजण एड्रियाटिक समुद्राच्या उत्तर टोकाला आहे. हा समुद्र लांबट आणि अरुंद असल्यामुळे आग्नेयेकडून सिरोक्को नावाचा वारा सतत वाहू लागला की पाणी उत्तरेकडे रेटले जाते. त्यातच अमावास्या-पौर्णिमेचे उधाण आणि कमी वायुदाब यांची गाठ पडली की शहराच्या सखल भागात पाणी शिरते. त्यालाच तिथे 'आक्वा आल्ता' म्हणतात. ४ नोव्हेंबर १९६६ रोजी पातळी १९४ सेंटिमीटर झाली होती आणि १२ नोव्हेंबर २०१९ रोजी १८७ सेंटिमीटर. नोव्हेंबर हा या संकटाचा ठरलेला महिना आहे.

३ ऑक्टोबर २०२० रोजी 'मोझे' ही जलरोधक यंत्रणा पहिल्यांदा प्रत्यक्ष भरतीच्या वेळी वापरली गेली. खाजणाच्या लिदो, मालामोक्को आणि कियोज्जा या तीन मुखांवर मिळून ७८ पोलादी झडपा समुद्रतळाशी आडव्या ठेवलेल्या आहेत. त्यांत हवा भरली की त्या उभ्या राहतात आणि समुद्र बाहेरच थोपवला जातो. त्यामुळे २०१९ सारखा प्रसंग आता सहसा येत नाही. मात्र झडपा सर्वसाधारणपणे ११० सेंटिमीटरचा अंदाज असेल तेव्हाच उचलतात. त्याखालची भरती शहरात येतेच, आणि प्रवाशाची गाठ बहुधा या मधल्या पातळीशीच पडते.

हे आकडे नीट समजून घ्यायला हवेत. १०० सेंटिमीटरचा अंदाज म्हणजे रस्त्यावर कमरेएवढे पाणी असा अर्थ होत नाही. ही पातळी १८९७ सालच्या सरासरी समुद्रपातळीपासून मोजतात, आणि गल्ल्या त्या शून्यापेक्षा बऱ्याच उंच आहेत. सेंट मार्कचा चौक हा शहरातला सर्वांत सखल भागांपैकी एक असून तिथे ८० ते ८५ सेंटिमीटरच्या आसपास पाणी दिसू लागते. शहराच्या बहुतेक भागांत त्या वेळी जमीन कोरडी असते. चौकातल्या सेंट मार्कच्या बॅसिलिकेभोवती, म्हणजे मुख्य चर्चभोवती, २०२२ मध्ये काचेची भिंत उभारल्यामुळे चौकात पाणी असतानाही आतली फरशी सुरक्षित राहते.

रोज सकाळी करावयाच्या गोष्टी अशा :

- नगरपालिकेच्या भरती केंद्राचा अंदाज पाहा. त्यात पुढच्या प्रत्येक भरतीची वेळ आणि पातळी दिलेली असते.
- ८० च्या खाली आकडा असेल तर निर्धास्तपणे कुठेही जा.
- ८० ते ११० मध्ये असेल तर भरतीच्या शिखरवेळेच्या आधी व नंतर दीड-दोन तास सेंट मार्कचा चौक टाळा, किंवा मुद्दाम ते दृश्य पाहायला गमबूट घालून जा.
- ११० च्या वर असेल तर झडपा उचलल्या जाणार का, याची घोषणा पाहा. गल्ल्यांत मांडलेल्या फळ्यांच्या तात्पुरत्या पुलांवर थांबून छायाचित्रे काढू नका. ती लोकांची कामावर जाण्याची वाट असते.

पाणी चार-पाच तासांत ओसरते. अष्टमीच्या आसपास, म्हणजे भांगेच्या दिवसांत, भरती-ओहोटीचा फरक फार थोडा असतो. सान मार्कोचा दिवस तेव्हा ठेवावा. रस्त्यावर विकले जाणारे प्लास्टिकचे पातळ बूट दोन पुलांतच फाटतात, म्हणून पोटरीपर्यंतचे साधे गमबूट तिथल्या दुकानातून घ्यावेत. या पाण्यात अनवाणी किंवा चपला घालून उतरू नये. ते खारे, थंड आणि अस्वच्छ असते.

६. बोट, पायी प्रवास आणि धुके

शहराच्या बोटीला 'वापोरेत्तो' म्हणतात. २०२५ मध्ये ७५ मिनिटांचे तिकीट साडेनऊ युरोंचे होते, एका दिवसाचा पास २५ युरोंचा, तीन दिवसांचा ४५ आणि सात दिवसांचा ६५ युरोंचा. सुटे तिकीट इतके महाग असल्यामुळे रोज दोनदाच बोट लागणार असली तरी तीन किंवा सात दिवसांचा पास परवडतो. सहा वर्षांखालील मुलांना तिकीट नाही, आणि ६ ते २९ वयोगटासाठी सवलतीचे कार्ड मिळते. प्रत्येक वेळी चढण्यापूर्वी पास यंत्राला लावावा लागतो.

१ क्रमांकाची बोट मोठ्या कालव्यातून प्रत्येक थांबा घेत जाते. पिआत्साले रोमाहून निघताना पुढच्या उघड्या जागेवर बसा आणि सूर्यास्तापूर्वी एक तास हा प्रवास सुरू करा. पाऊण तासात दिवसाचा उजेड आणि महालांतले लागणारे दिवे दोन्ही पाहायला मिळतात. एवढ्या पैशांत या शहरात याहून मोठा आनंद मिळत नाही, असे माझे मत आहे.

दाट धुक्याला स्थानिक बोलीत 'काइगो' म्हणतात. अशा दिवशी काही मार्ग बंद राहतात किंवा वळवले जातात, आणि भरती चढली असेल तर कमी उंचीच्या पुलांखालून बोट जाऊ शकत नसल्यानेही मार्ग बदलतात. म्हणून दूरच्या बेटांचा दिवस आधीपासून पक्का ठरवू नये. हवा स्वच्छ दिसली की त्याच सकाळी फोंदामेंते नोवे या थांब्यावरून १२ क्रमांकाच्या बोटीने निघावे, आधी बुरानो व तोर्चेल्लो करावे आणि परतताना मुरानोला उतरावे. उलट क्रमाने गेल्यास बुरानोची रंगीत घरे संधिप्रकाशात पाहावी लागतात. मुरानोत काच घ्यायची असेल तर 'वेत्रो आर्तिस्तिको मुरानो' ही मुद्रा पाहूनच घ्यावी.

ईशान्येकडून बोरा हा कोरडा वारा वाहून गेल्यावर आकाश धुतल्यासारखे होते. त्या दिवशी इतर सारे बेत बाजूला ठेवून सान जोर्जो माज्जोरे बेटावरच्या घंटाघरावर जावे. वर लिफ्ट जाते, आणि उत्तरेकडे आल्प्सची बर्फाच्छादित रांग दिसते.

७. उजेड बेताने वापरणे

दिवसाचा उजेड जेमतेम साडेनऊ तास असल्यामुळे तो उघड्यावरच्या गोष्टींसाठी राखावा आणि छताखालची ठिकाणे चारनंतर पाहावीत. दोजेचा, म्हणजे जुन्या व्हेनिस प्रजासत्ताकाच्या प्रमुखाचा, राजवाडा १ नोव्हेंबरपासून संध्याकाळी सहाला बंद होतो आणि शेवटचा प्रवेश पाचला असतो. गाल्लेरिए देल्लाकादेमिया हे चित्रसंग्रहालय सोमवारी दुपारीच बंद होते, तर पेगी गुगेनहाइम संग्रहालय मंगळवारी बंद असते.

एकच वास्तू निवांत पाहायची असेल तर स्कुओला ग्रांदे दि सान रोक्को ही एका जुन्या धार्मिक मंडळाची इमारत पाहावी. चित्रकार तिंतोरेत्तोने १५६४ पासून पुढे वीसहून अधिक वर्षे तिच्या भिंती आणि छते रंगवली. छताची चित्रे मान न अवघडता पाहता यावीत म्हणून तिथे हातात धरायचे आरसे ठेवलेले असतात. शेजारच्या फ्रारी चर्चमध्ये तित्सियानो (टिशियन) या चित्रकाराने १५१८ मध्ये पूर्ण केलेले येशूची आई मरिया हिच्या स्वर्गारोहणाचे भव्य चित्र मूळ वेदीवरच आहे. सान झक्कारिया चर्चच्या तळघरात पाणी जवळजवळ कायम साचलेले असते. आक्वा आल्ता पाहायला मिळाली नाही तरी शहराचे पाण्याशी असलेले नाते तिथे समजते.

चर्चमध्ये खांदे झाकलेले असावेत. पुलांच्या पायऱ्यांवर बसून खाणे आणि कबुतरांना दाणे टाकणे या दोन्हींसाठी दंड आहे.

८. २१ नोव्हेंबरचा सण

१६३०-३१ च्या प्लेगमध्ये शहराची मोठी हानी झाली. तेव्हा व्हेनिसच्या प्रजासत्ताकाने मरियेला नवस बोलून एक चर्च बांधण्याचे ठरवले. बाल्दास्सारे लोंगेना याने उभारलेले ते सांता मारिया देल्ला सालूते चर्च १६८७ मध्ये पवित्र केले गेले, आणि तो नवस आजही दरवर्षी २१ नोव्हेंबरला फेडला जातो. त्या दिवसांत सांता मारिया देल जिल्यो परिसरातून मोठ्या कालव्यावर तात्पुरता पूल टाकतात आणि सारे शहर त्यावरून चालत चर्चकडे जाते.

तुम्हीही जा, पण यात्रेकरूंच्या मर्यादेने जा. बाहेरच्या ठेल्यावर मेणबत्ती घ्यावी, रांगेत उभे राहावे आणि आत ती सेवकाच्या हाती द्यावी. तो ती लावतो. गर्दी सकाळी उशिरा आणि संध्याकाळी वाढते, तेव्हा लहान मुले व वृद्ध सोबत असतील तर आठ-साडेआठलाच पोहोचावे. चर्चमागच्या गल्लीत गोड पदार्थांचे ठेले लागतात. त्या दिवशीचा पारंपरिक पदार्थ म्हणजे 'कास्त्रादीना', मीठ लावून धुरावलेल्या मटणाचा कोबी घातलेला रस्सा, आणि तो काही खानावळींत याच सुमारास मिळतो.

त्याआधी ११ नोव्हेंबरला सान मार्तीनो या संताचा दिवस असतो. मुले भांडी वाजवत दुकानोदुकानी खाऊ मागतात आणि बेकऱ्यांत घोडेस्वाराच्या आकाराची साखर चढवलेली मोठी बिस्किटे दिसतात.

९. खाणे

रियाल्टोचा मासळीबाजार रविवारी व सोमवारी बंद असतो. मासे खाणाऱ्यांनी शरद ऋतूत मिळणारे 'मोएके', म्हणजे नुकतीच कात टाकलेले मऊ कवचाचे खेकडे, अवश्य चाखावेत. 'बाकारो' नावाच्या लहान मद्यालयांत काउंटरवरचे छोटे घास उभ्याने खाल्ले तर जेवण स्वस्तात होते. टेबलावर बसल्यास माणशी 'कोपेर्तो' नावाचा आकार बिलात लागतो. तो नियमानेच असतो, त्यावरून वाद घालू नये.

शाकाहारी वाचकांनी विशेष सावध राहावे. 'बीगोली इन साल्सा' ही शेवयांसारखी डिश दिसायला निरामिष वाटते, पण तिची चव कांदा आणि खारवलेल्या अँचोव्ही माशांची असते. घेवड्याच्या सुपात डुकराचे मांस आणि रिसोत्तो या मऊ भातात मांसाचा अर्क असू शकतो. 'सेन्त्सा कार्ने, सेन्त्सा पेशे, सेन्त्सा ब्रोदो दि कार्ने' हे वाक्य, म्हणजे मांस, मासे आणि मांसाचा रस्सा नको, कागदावर लिहून दाखवावे. पोलेंता (मक्याच्या पिठाची लापशी), भाजलेला रादिक्यो (कडसर लाल पालेभाजी) आणि भोपळ्याचा रिसोत्तो हे या मोसमाचे पदार्थ आहेत. तांदूळ, डाळ, मसाले हवे असतील तर मेस्त्रे स्थानकाजवळच्या विया पियावे भागात बांगलादेशी लोकांची किराणा दुकाने आहेत.

१०. परतीचा दिवस

आदल्या रात्री दोन गोष्टी तपासाव्यात : सकाळच्या भरतीची वेळ आणि धुक्याचा इशारा. यांपैकी कशाचीही शक्यता असेल तर बोटीवर विसंबू नका. पिआत्साले रोमापर्यंत पायी जाण्याचा मार्ग उजेडी एकदा चालून पाहिलेला असावा आणि ठरलेल्या वेळेआधी पाऊण तास घर सोडावे. ओले गमबूट सामानात कोंबण्याऐवजी यजमानाला विचारून दाराशी ठेवावेत. पुढच्या पाहुण्याच्या उपयोगी पडतात, आणि दुसऱ्या खेपेला मला माझे बूट असेच मिळाले होते.